आठवीच्या कथा कशा तपासायच्या : प्रकल्प नोंदी

जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा, घाटंजी तालुका, जि. यवतमाळ. शैक्षणिक वर्ष २०२५-२६.

२६ ऑगस्ट

पोळा आणि तान्हा पोळा उरकून शाळा भरली. आज प्रकल्प सुरू केला. विषय एवढाच : आठवीच्या मुलांनी लिहिलेली छोटी कथा तपासायची कशी.

चालत आलेली रीत सगळ्या शिक्षकांना ठाऊक आहे. फळ्यावर मुद्दे द्यायचे, मुलांनी ते जोडून गोष्ट पुरी करायची, वर शीर्षक, खाली तात्पर्य. दहा गुण. शीर्षकाला एक, तात्पर्याला एक, अक्षर-शुद्धलेखन-विरामचिन्हं मिळून तीन-चार, आणि उरलेले 'कथेला'. त्या उरलेल्या गुणांत नेमकं काय मोजायचं हे कुठेच लिहिलेलं नसतं. मुलांना मात्र ते बरोबर कळतं. म्हणून वहीमागून वहीत तोच म्हातारा शेतकरी, तीच भांडणारी मुलं, तीच काड्यांची मोळी आणि शेवटी एकीचं बळ. गाईडातली गोष्ट पाठ केली की सात गुण कुठे जात नाहीत.

हीच मुलं मधल्या सुटीत निंबाखाली बसून सांगतात, की काल जागलीला, म्हणजे रात्री शेत राखायला, गेलो होतो, रोही (नीलगाय) धुरा ओलांडून पऱ्हाटीत (कपाशीत) कसा शिरला, आजोबांनी बॅटरी कशी मारली, त्याचे डोळे कसे चमकले. ऐकणारे जागचे हलत नाहीत. वहीत तो रोही कधीच येत नाही. तो यावा, आणि आला तर त्याला गुण मिळावेत, म्हणून हे काम हाती घेतलं आहे.

पटावर २६. बहुतेकांच्या घरी वऱ्हाडी. सहा जण बंजारा तांड्यावरचे, त्यांची गोरमाटी. चार जण पोडावरचे, म्हणजे कोलाम वस्तीवरचे, त्यांची कोलामी. शेवटच्या दोन गटांसाठी पुस्तकातली मराठी ही तिसरी भाषा आहे, हे या कामात सतत लक्षात ठेवावं लागेल.

मुद्दे दिले नाहीत. एकच ओळ दिली : 'पोळ्याच्या दिवशी घरी बैल नव्हता.' दीड पान लिहायचं. शीर्षक नको, तात्पर्य नको. मागच्या बाकावरून लगेच प्रश्न आला, "मॅडम, तात्पर्य नाई लिवलं तं गुण कटतीन का?"

नाही कटणार, असं फळ्यावर लिहून ठेवलं.

३० ऑगस्ट

शनिवारची सकाळची शाळा. दुपारी सगळ्या कथा वाचल्या. नको सांगूनही अकरा जणांनी शेवटी 'म्हणून आपण नेहमी...' लिहिलंच आहे. सवय पक्की आहे.

दोन कथा शेजारी शेजारी ठेवते. पहिलीत गरीब शेतकऱ्याकडे बैल नाही, सावकार हाकलून देतो, गावकरी वर्गणी काढतात, नवी जोडी येते, सगळे आनंदात. अक्षर मोत्यासारखं, एक चूक नाही. वाचून झाल्यावर शेतकऱ्याचं नाव आठवेना.

दुसरी एका मुलीची. तिच्यातला तुकडा जसाच्या तसा उतरवते :

"बैल इकला त्या दिवशी बाबा जेवले नाई. पोळ्याले ज्यानं घेतला त्यानं त्याले सजवून तोरनाखाली आनला. आमी पाहून राहिलो होतो. पोळा फुटला अन बैल आमच्या घराकडं वळला. दारात येऊन उभा राह्यला. मायनं ताट आनलं. मंग बाबा मागच्या दारानं वावरात निंगून गेले."

जुन्या रीतीनं गुण दिले तर पहिलीला आठ, दुसरीला चार. शीर्षक-तात्पर्य नाही, शुद्धलेखन नाही, 'भाषा ग्रामीण'. पण या सात-आठ वाक्यांत बैल कुणाचा हे बैलालाच ठाऊक आहे, आणि ते पाहणं बापाला सोसत नाही. तेरा वर्षांच्या मुलीनं 'बाबांना दुःख झाले' असं लिहिलं नाही. मागचं दार लिहिलं. जी मोजपट्टी या मागच्या दाराला शून्य देते ती बदलली पाहिजे, याबद्दल माझ्या मनात आता शंका नाही.

३ सप्टेंबर

आधी हे पाहायचं होतं, की हा माझ्या एकटीच्या आवडीचा प्रश्न आहे की पद्धतीचा. सहा कथा निवडून प्रती काढल्या. गणिताचे सर, शेजारच्या गावच्या शाळेतल्या मॅडम आणि मी, तिघांनी एकमेकांना न विचारता दहापैकी गुण दिले.

बैलाच्या कथेला चार, सहा आणि आठ. सावकाराच्या कथेला आठ, सात, पाच. तिघेही प्रामाणिकपणे तपासणारे, तरी एकाच मुलीचं नशीब वही कोणाच्या हातात पडते त्यावर ठरतं.

हा प्रश्न जुना आहे. अमेरिकेत १९१२ साली स्टार्च आणि इलियट या दोघांनी इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका १४० हून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी मिळालेल्या गुणांत ३० हून जास्त गुणांचं अंतर निघालं. यावर दुरुस्तीचा एक रस्ता दिसतो : काय मोजायचं ते आधी लिहून काढा.

दुसरी एक गोष्ट करून पाहिली. गावातल्या दहावीच्या मुलीकडून त्या सहाही कथा एकाच अक्षरात लिहून घेतल्या, ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करून, बाकी एक शब्द न बदलता. केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, दुसऱ्या दोन शिक्षकांना दिल्या. बैलाच्या कथेला सात आणि आठ मिळाले. माणसं वेगळी, प्रती थोड्या, त्यामुळे यावरून मोठं विधान करणार नाही. पण वाचणाऱ्याला अक्षरात अडखळावं लागलं नाही की तो कथेपर्यंत पोचतो, एवढं दिसलं. यापुढे पहिलं वाचन मी मोठ्यानं करणार, स्वतःलाच ऐकवत. डोळा चुकांवर थांबतो, कान पुढे जातो.

९ सप्टेंबर

भुलाबाई बसल्या आहेत. संध्याकाळी मुली टिपऱ्या घेऊन गाणी म्हणत घरोघर फिरतात. गाण्यात सासूची अट, मग दुसरी अट, मग तिसरी, आणि माहेर लांबत जातं. लहानग्या पोरींनाही कुठे थांबायचं आणि कुठे आवाज चढवायचा ते कोणी शिकवलेलं नाही. पोळ्याला झडत्या, म्हणजे पोळ्याची गाणी, म्हणणाऱ्या मुलांचंही तेच. गोष्ट पुढे ढकलण्याची जाण या गावात भरपूर आहे. आपण ती परीक्षेच्या वहीत येऊ देत नाही.

आज वर्गात आठ कथा नावं झाकून वाचल्या. गुण नाही विचारले. एवढंच विचारलं : घरी जाऊन कोणती सांगाल, आणि का? मुलांची उत्तरं फळ्यावर जशीच्या तशी लिहिली.

"मंग काय झालं, असं वाटून राह्यलं होतं."

"थो बैल मले दिसला."

"याच्यात काईच होत नाई, नुसतं चांगलं चांगलं हाय."

"पैसे कुठून आले थे सांगतलंच नाई."

शेवटचं वाक्य सावकाराच्या कथेबद्दल होतं. गावकऱ्यांनी वर्गणी काढली म्हणे; पण ज्या गावात सोयाबीन अजून हिरवं आहे, हातात पैसा नाही, तिथे पोळ्याच्या दिवशी वर्गणी कोण देणार? बोलणारा मुलगा स्वतः कास्तकाराचा. कार्यकारणभाव हा शब्द त्याला माहीत नाही, पण नेमकी तीच उणीव त्यानं धरली.

रात्री विल्यम लेबॉव्ह आणि जोशुआ वॉलेट्स्की यांची मांडणी पुन्हा पाहिली. १९६७ साली त्यांनी साधी माणसं तोंडी सांगतात त्या अनुभवांची रचना तपासली. कोण-कुठे-कधी, मग गुंता, मग त्याचा निकाल; आणि या सगळ्यात विखुरलेलं आणखी एक काहीतरी : हे सांगण्यासारखं का आहे, याची सांगणाऱ्यानं दिलेली जाणीव. रोही सांगणारा मुलगा मध्येच म्हणतो, "मी तं जागचा हललोच नाई." तीच ती जाणीव. कथेचा अर्थ तिथे, गुंत्याच्या ऐन मध्यात असतो. तात्पर्य लिहायला लावून आपण तो उचलून शेवटच्या ओळीत नेऊन ठेवतो, आणि मग मधली गोष्ट मोकळी पडते. मला या सगळ्या प्रकल्पात हे सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

१३ सप्टेंबर

निकषांचा कच्चा तक्ता झाला. कथानक, पात्रचित्रण, वातावरणनिर्मिती हे शब्द मुद्दाम वापरले नाहीत. मुलांच्या फळ्यावरच्या वाक्यांतूनच प्रश्न बनवले. ही गोष्ट कोणाची, आणि त्याला काय हवं आहे किंवा कशाची अडचण आहे? पुढचं मागच्यातून घडतं का? एखादी जागा, माणूस, जनावर डोळ्यांसमोर उभं राहतं का? शेवट गोष्टीतूनच आला आहे, की वरून चिकटवला आहे? प्रत्येकाला दोन गुण. उरलेले दोन भाषेला.

गुणांपुढे 'उत्तम, बरे, साधारण' असं काही लिहिलेलं नाही. त्या शब्दांचा अर्थ प्रत्येक जण आपापला लावतो. त्याऐवजी शून्य, एक आणि दोन गुणांसमोर मुलांच्याच कथांतली वाक्यं नमुना म्हणून ठेवली. 'त्याला खूप वाईट वाटले' हे एकाचं उदाहरण. 'बाबा मागच्या दारानं वावरात निंगून गेले' हे दोनाचं.

२०१० पासून राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आहे. त्यातल्या आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या तपासणीत, शिक्षकाला स्वतःची साधनं वापरायला जागा आहे. हा तक्ता तिथे बसतो. वेगळी परवानगी मागण्याची गरज नाही.

१८ सप्टेंबर

आज सगळा वेळ बोलीवर गेला. शिक्षकांच्या खोलीत जोरात चर्चा झाली.

शेजारच्या शाळेतल्या मॅडमचा मुद्दा असा, की आज 'मले' चालवून घेतलं तर दहावीला मुलगी तेच लिहील आणि नुकसान तिचंच होईल. त्यांची काळजी खरी आहे, ती मी झटकून टाकत नाही. पण 'मले' लिहिणारी मुलगी आणि 'पाणि' लिहिणारी मुलगी या दोघींना एकाच लाल रेघेनं मारणं बरोबर नाही. दुसरीला नियम सांगायचा आहे. पहिलीनं नियम मोडलेलाच नाही, ती घरच्या बोलीच्या नियमानं बिनचूक लिहिते आहे. तिला प्रमाण भाषेचं दुसरं रूप हाताशी द्यायचं आहे, पहिलं काढून घ्यायचं नाही.

शेवटी ठरलं ते असं. पात्रांच्या तोंडी बोली असेल तर ती कथेची ताकद आहे, गुण कापायचा प्रश्नच नाही. निवेदनात बोली असेल आणि ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असेल तर भाषेचे पूर्ण गुण. मधेच पुस्तकी, मधेच वऱ्हाडी अशी घसरण असेल तर एक. वाचणारा अडकतो अशा चुका, म्हणजे कोण कोणाला बोललं ते न कळणं, वाक्य अर्धवट सुटणं, यांना या दोन गुणांत जागा. ऱ्हस्व-दीर्घाची यादी वेगळी काढायची, तिचा सराव वेगळ्या तासाला. गणिताच्या सरांनी यात भर घातली : दिवाळीनंतर मुलांनी स्वतःच्याच कथेचा एक परिच्छेद प्रमाण मराठीत उतरवायचा, दोन्ही रूपं वहीत शेजारी ठेवायची. मॅडमना हे पटलं.

२४ सप्टेंबर

पहिल्या खर्ड्यावर गुण लिहायचे नाहीत, असं ठरवलं आहे. यामागे रूथ बटलर यांचा १९८८ चा अभ्यास आहे, इस्रायलमधल्या शाळकरी मुलांवरचा. ज्यांना फक्त शेरा मिळाला त्यांचं पुढचं काम सुधारलं. ज्यांना शेरा आणि गुण दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्याचा फायदा झाला नाही. हे कोणत्याही शिक्षकाला पटेल. वही परत देताच मुलं पहिल्यांदा आकडा शोधतात, मग शेजाऱ्याचा आकडा, मग वही दप्तरात.

प्रत्येक कथेखाली एकच प्रश्न लिहिला. 'छान', 'अजून प्रयत्न कर' असलं काही नाही. प्रश्न असा हवा, की त्याचं उत्तर कथेत शिरल्याशिवाय देता येऊ नये. सावकाराच्या कथेला : 'वर्गणी द्यायला कोणी नाही म्हटलं का? तो काय बोलला?' बैलाच्या कथेला : 'ज्यानं बैल घेतला तो त्या वेळी कुठे उभा होता?' एका मुलानं नुसतं पोळ्याचं वर्णन केलं होतं, झूल, बेगड, घुंगुरमाळा, सगळं नेमकं. त्याला विचारलं, 'हे सगळं कोण पाहत आहे?'

एका कथेसाठी योग्य प्रश्न सुचायला लाल पेनानं तपासण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. म्हणून एका दिवशी पाच-सहाच वह्या घ्यायच्या. संपूर्ण वर्ग एका रात्रीत उरकला की प्रश्न सारखेच होऊ लागतात.

४ ऑक्टोबर

दुसरे खर्डे आले. बैलाच्या कथेत नवं आलं ते हे (बोजारा म्हणजे पोळ्याला बैल दारी आणणाऱ्याला द्यायचे पैसे) :

"थो दोरी धरून उंबऱ्याच्या बाहीर उभा होता. त्यानं वर पाह्यलं नाई. मायनं बैलाले पोळी चारली अन त्याले बोजारा देला. वीस रुपये. बैल आमचा, अन बोजाराबी आमीच देला."

यावर मी काही लिहू शकत नाही. फक्त नोंद करून ठेवते, की हे एका प्रश्नानंतर आलं.

सावकाराच्या कथेतही हालचाल झाली. वर्गणी मागायला गेलेल्या म्हाताऱ्याला एक शेजारी म्हणतो, "सोयाबीन निंगू दे, मंग पाहू." त्या एका वाक्यानं गाव खरं झालं. ज्या मुलानं आजवर बिनचूक पण निर्जीव लिहिलं, त्याला या तक्त्यानं काहीतरी दिलं. ही पद्धत फक्त बोलीत लिहिणाऱ्यांच्या बाजूची आहे असं कोणाला वाटत असेल तर हा खर्डा दाखवीन.

एक कथा तक्त्यात बसत नाही. पोडावरच्या मुलाची. बैल नाही म्हणून बाप-लेक पोळ्याच्या दिवशी रानात जातात. एक नाला, मग एक मोहाचं झाड, मग अस्वलाचा माग, मग दगडाखालचं पाणी, मग घर. कोणाला काही हवं नाही, कसलीच अडचण नाही. पहिल्या प्रश्नावर तिला शून्य मिळतं. पण वर्गात वाचली तेव्हा कोणी हललं नाही. ठिकाणांमागून ठिकाणं येतात आणि बाप प्रत्येक ठिकाणी मुलाला थोडंसं काही सांगतो. सगळी कथा त्या सांगण्यावर चालते. अडचण-प्रयत्न-निकाल हाच कथेचा एकमेव आकार धरला तर असं लेखन कायम मागे पडेल. पहिला प्रश्न आता असा केला : ही गोष्ट कोणाची, आणि त्याच्यासोबत पुढे जावंसं कशामुळे वाटतं? तक्त्याच्या तळाशी एक मोकळी ओळही ठेवली, प्रश्नांत न मावणारं शब्दांत लिहायला.

१२ नोव्हेंबर

सत्राच्या शेवटची संकलित चाचणी, दिवाळी, सुट्या. या काळात काम थांबलं.

आता कापूस फुटला आहे. वेचणीला माणूस मिळत नाही, त्यामुळे वर्गात कधी पंधरा, कधी अठरा. मोठ्या मुली आईसोबत वावरात. रोहीची गोष्ट सांगणारा मुलगा रात्री जागलीला असतो, सकाळी शाळेत आला तर बाकावरच झोपतो. त्याची कथा वहीत येणार नव्हती. गणिताच्या सरांच्या मोबाइलवर त्याला सांगू दिली, मित्रानं ऐकून उतरवली. गुण कसे द्यायचे? कथेचे चारही प्रश्न त्याच्या सांगण्याला लावले, ते गुण त्याचे. भाषेचे दोन राखून ठेवले. उतरवलेलं तो स्वतः वाचून दुरुस्त करेल तेव्हा मिळतील. लिहिणं शिकवण्याची जबाबदारी यामुळे टळत नाही, पण लिहायला वेळ मिळाला नाही म्हणून गोष्ट रचता येत नाही असा शेरा त्याच्या नावापुढे लागणार नाही.

२१ नोव्हेंबर

त्याच सहा कथांच्या मूळ प्रती, दुरुस्त न केलेल्या, नव्या तक्त्यासह पुन्हा तिघांनी तपासल्या. आधी अर्धा तास एकत्र बसून दोन नमुना कथांवर बोललो. हे एकत्र बसणं तक्त्याइतकंच महत्त्वाचं आहे. कागद हातात दिला की काम झालं असं होत नाही. बैलाच्या कथेला सात, आठ, आठ. सावकाराच्या पहिल्या खर्ड्याला चार, पाच, पाच. पोडावरच्या कथेवर अजून तिघांचं जुळत नाही, पाचपासून आठपर्यंत.

तिच्यासाठी दुसरी वाट करून पाहिली. मानसशास्त्रज्ञ थर्स्टन यांनी १९२७ मध्ये मांडलं, की माणसाला एकेका गोष्टीला आकडा देणं अवघड जातं, पण दोन शेजारी ठेवून कोणती सरस ते सांगणं सोपं जातं. २६ कथांच्या सगळ्या जोड्या ३२५ होतात, तेवढं शक्य नाही. पोडावरची कथा मात्र पाच वेगवेगळ्या कथांशेजारी ठेवून तिघांना एकच प्रश्न विचारला : यातली कोणती परत वाचाल? तिघांच्याही उत्तरात ती पाचांपैकी चार कथांच्या वर निघाली. आकड्यावर तिघांचं जुळेना, क्रमावर लगेच जुळलं. जिथे तक्ता अडखळतो तिथे हे साधन हाताशी ठेवणार.

२८ नोव्हेंबर

पालकसभेत तीन कथा मुलांनीच वाचल्या. घरातले व्यवहार बाहेर येतात अशा कथा वाचण्याआधी मुलांना आणि घरच्यांना विचारायचं, हे ठरवून घेतलं आहे. बैलाची कथा लिहिणाऱ्या मुलीनं 'नको' म्हटलं, म्हणून ती वाचली नाही. तिचे गुण तिला वहीत मिळाले, तेवढं पुरे.

एका पालकानं विचारलं, की दहावीच्या कथालेखनात शीर्षक आणि तात्पर्य मागतात, त्याचं काय? ते शिकवणारच आहे. कथा लिहून झाल्यावर, वेगळ्या तासाला, आपल्याच कथेला शीर्षक शोधायचं आणि तात्पर्य एका वाक्यात सांगायचं. उलट क्रमानं नाही.

दुसऱ्या सत्रासाठी कामं : तक्ता सातवीला लावून पाहणे, नमुना वाक्यांत गोरमाटी आणि कोलामी घरांतल्या मुलांची वाक्यं वाढवणे, केंद्राच्या शिक्षण परिषदेत अर्धा तास मागून इतर शाळांच्या शिक्षकांकडून त्याच सहा कथा तपासून घेणे. पुढची कथा संक्रांतीनंतर. ओळ मुलांनीच सुचवली आहे : 'जागलीला त्या रात्री कुत्रं भुंकलं नाही.'